शाईपेनचा छंद आणि कामगाराची फुरसत

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आम्ही आजवर जे बोललो ते बोनसवर बोललो, प्रॉव्हिडंट फंडावर बोललो, ग्रॅच्युइटीच्या हिशेबावर बोललो. यंदा समितीच्या मंडळींनी सांगितले, "दरवर्षी तेच नको. तुमच्या खिशाला दोन-दोन शाईचे पेन लटकलेले असतात, त्यावर बोला." आम्ही म्हटलं, हरकत नाही. आम्ही सूतगिरणीत रिंग फ्रेमवर उभं राहून आयुष्य काढलेली माणसं. शाळा अर्ध्यावर सुटली. पुढचं जे काही शिकलो ते वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत शिकलो. तेव्हा भाषणात पंडिती सापडणार नाही, पण जे सांगू ते हाताळून पाहिलेलं सांगू.

पहिला आक्षेप आधीच निकालात काढतो. आमच्याच वस्तीतले एक गृहस्थ म्हणाले, "कामगाराला हे कसले चोचले? पाच रुपयांच्या बॉलपेनने लिहिता येत नाही का?" येतं की. निवेदन लिहिता येतं, अर्ज लिहिता येतो, पावती फाडता येते. पण बंधूंनो, आम्ही विचारतो, कामगाराने हातात लेखणी धरायची ती फक्त अर्ज करण्यासाठीच का? काही मागायचं नसताना, कुणाकडे तक्रार नसताना, नुसतं लिहायला बरं वाटतं म्हणून लिहायची मुभा त्याला आहे की नाही?

हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. १९४६ साली कारखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यांतल्या कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. ते विधेयक बाबासाहेबांनी मांडलेलं होतं. हे सहा तास कशासाठी वाचवले? १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका इंग्रजी ग्रंथात त्यांनी यंत्राची बाजू घेतली आहे. माणसाला माणूस म्हणून वाढायचं तर फुरसत पाहिजे, आणि यंत्र असेल तरच सर्वांना फुरसत मिळू शकते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. म्हणजे फुरसत ही श्रीमंताची मिरास नाही. ती कायद्याने आपल्या पदरात पडलेली आहे. आता ती पत्त्यांत घालवायची, मोबाईलवर अंगठा फिरवण्यात घालवायची की आणखी कशात, हे ज्याचं त्याने ठरवावं. आम्ही ती शाईत घातली.

आता वस्तूकडे वळू. पूर्वी आपल्याकडे बोरू होता. देवनागरी आणि मोडी लिहिण्यासाठी बोरूचं टोक तिरकं कापत. काजळी आणि गोंद खलून शाई करत. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाईही होत असे. मग आला टाक. लाकडी दांडी, पुढे लोखंडी निब, आणि दर दोन-चार शब्दांनी दौतीत बुडवायचा. लिहिणाऱ्याचा निम्मा वेळ दौतीकडे जाण्यात. तेव्हा पोटातच शाई घेऊन चालणारा पेन कसा करता येईल, याच्या मागे जगभर लोक लागले. पेत्राके पोएनारू नावाच्या रुमानियन विद्यार्थ्याने १८२७ साली पॅरिसमध्ये अशा पेनाचं पेटंट घेतलं. पण शाई एकदम येते किंवा अजिबात येत नाही, ही अडचण पुढेही राहिली. १८८४ साली न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमनने ज्या रचनेचं पेटंट घेतलं, तिच्यामुळे हा पेन रोजच्या वापरात भरवशाचा झाला.

ती युक्ती कुठे आहे सांगतो. निबच्या खाली जो काळा खाचांचा तुकडा असतो, ज्याला आपण शाळेत 'जीभ' म्हणायचो, तिच्यात आहे. दिव्याची वात तेल कशी वर ओढते? कुणी ढकलत नाही, बारीक धाग्यांच्या फटींतून ते आपोआप चढतं. तसंच जिभेच्या बारीक खाचेतून शाई निबच्या चिरेपर्यंत येते. पण टाकीतून जेवढी शाई बाहेर गेली तेवढी हवा आत यायला हवी, नाहीतर शाई अडते. आणि हवा जास्त शिरली तर शाई धबकन पडते. म्हणून जिभेत शाईला वाट आहे आणि हवेलाही वाट आहे. आम्हाला हे चटकन समजलं, कारण गिरणीतही असाच तोल सांभाळावा लागतो. खात्यात दमटपणा कमी झाला की सूत तुटतं, जास्त झाला की रुळांना गुंडाळतं.

यावरून एक उपयोगाची गोष्ट. ज्या पेनाच्या पोटात थेट ड्रॉपरने शाई भरतात, तो अर्ध्याहून जास्त रिकामा झाला की ओकतो. दोष पेनाचा नसतो. आतली हवा हाताच्या आणि अंगाच्या उबेने फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. उकाड्याच्या खात्यात सदऱ्याच्या खिशात असा पेन ठेवला तर खिसा निळा होणारच. उपाय सोपा आहे. शाई पाव भागावर यायच्या आत पेन पुन्हा भरायचा, आणि खिशात निब वर करून ठेवायचा.

आता शाई. आपण बाटली विकत घेतो, पण तिच्यामागे माणसं आहेत, कारखाने आहेत, याचा विचार करत नाही. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईची भुकटी आणि वड्या करायला सुरुवात केली. तो घोडा छाप होता. पुढे उंट छाप कॅमल शाई आली आणि कॅम्लिन हे नाव घराघरातल्या शाळकरी दप्तरात गेलं. २०११ साली जपानच्या कोकुयो कंपनीने त्यात मोठा हिस्सा घेतला. शाईची बाटली मात्र आजही मिळते. १९३२ पासून आंध्रातल्या राजमहेंद्रीला रत्नम यांचे हाताने घडवलेले एबोनाइटचे पेन होऊ लागले. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. हातात थंड लागत नाही आणि घामाने निसटतही नाही. १९३४ साली मैत्र बंधूंनी राजशाहीला, म्हणजे आजच्या बांगलादेशात, सुलेखा शाई काढली आणि पुढे तो कारखाना कलकत्त्याला वाढला. स्वदेशीच्या चळवळीतून हे उद्योग उभे राहिले.

मग बॉलपेन आला. हंगेरीच्या लास्लो बिरो याने १९३८ साली त्याचं पेटंट घेतलं होतं. आपल्याकडे गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत त्याने शाळा आणि कचेऱ्या काबीज केल्या. सुलेखाचा कारखाना १९८० च्या दशकाच्या अखेरीस बंद पडला. त्याची सगळीच कारणं बॉलपेनमध्ये नव्हती, पण बंद ते बंद. गिरणी कामगाराला 'बंद' या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पुढे २००६ साली तो कारखाना पुन्हा सुरू झाला आणि २०२० मध्ये सुलेखाच्या शाईच्या बाटल्या पुन्हा बाजारात आल्या. ती बातमी वाचली तेव्हा आम्हाला एखादी गिरणी पुन्हा चालू झाल्यासारखं वाटलं. बंद पडलेलं सगळंच कायमचं बंद राहतं असं नाही, हे आम्ही आमच्या तरुण कार्यकर्त्यांना मुद्दाम सांगतो.

शाईचे प्रकार सांगतो, कारण फसगत इथेच होते. नेहमीची रॉयल ब्ल्यू शाई पाण्याने धुऊन निघते. गिरणीत वेगवेगळ्या नंबरचं सूत ओळखू यावं म्हणून त्याला कच्चा रंग देतात, तो पुढे धुण्यात निघून जातो. ही शाई तशीच. मुलांच्या गणवेशाला बरी, पण करारनाम्याला नाही. निळी-काळी म्हणजे ब्ल्यू-ब्लॅक शाई जुन्या पद्धतीची असेल तर तिच्यात लोहाचा अंश असतो. लिहिताना निळी दिसते, हवा लागली की काळवंडत जाते आणि कागदात मुरते. जुने दस्तऐवज त्या शाईत आहेत. पण आजकाल बाटलीवर ब्ल्यू-ब्लॅक लिहिलं म्हणून आत लोह असेलच असं नाही. तेव्हा आम्ही एकच परीक्षा सांगतो. कागदावर दोन ओळी लिहा, एक दिवस वाळू द्या, मग नळाखाली धरा. जे उरेल ते तुमचं.

आणखी एक मौज. टीपकागदाच्या पट्टीवर काळ्या शाईचा ठिपका द्या आणि पट्टीचं खालचं टोक पाण्यात धरा. ठिपका मात्र पाण्याच्या वर राहू द्या. पाणी वर चढतं आणि बऱ्याच काळ्या शायांतून निळा, जांभळा, पिवळसर असे पट्टे सुटे होतात. काळा म्हणून जो एक रंग वाटत होता, तो तीन-चार रंगांचा मेळ निघतो. वस्तीतल्या पोरांना हे दाखवलं की पोरं घरी जायला तयार नसतात. विज्ञानाचा तास असा घ्यावा.

काही पथ्यंही आहेत. चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई शाईपेनात कधीही भरू नये. ती वाळली की आत खडा होतो. दोन कंपन्यांच्या शाया एकत्र करू नयेत, कधीकधी साका धरतो. रंग बदलताना पेन साध्या गार पाण्याने धुवावा, गरम पाण्याने नाही. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुऊन सुती चिंधीवर उलटा ठेवावा. पेन आठवडाभर वापरायचा नसेल तर टोपण घट्ट लावावं, महिनाभर वापरायचा नसेल तर रिकामा करून धुऊन ठेवावा. आणि दाबून लिहू नये. बॉलपेनला दाब लागतो, याला लागत नाही. नुसतं टेकवलं की शाई कागदावर उतरते. सूत सांधून सांधून ज्यांची बोटं कडक झाली आहेत, त्यांनी एकदा हा फरक अनुभवावा. बॉलपेनने दोन पानांत आमचा अंगठा दुखतो, शाईपेनने आठ पानं होतात.

खर्चाचा हिशेब कामगाराने कामगारापुढे मांडलाच पाहिजे. शंभर रुपयांच्या आतबाहेर साधा चांगला देशी पेन येतो. शाईच्या बाटलीत ६० मिलिलिटर शाई असते. पिस्टनच्या नळीत साधारण एक मिलिलिटर मावते. म्हणजे एका बाटलीत पेन साठ वेळा भरतो. आठवड्यातून एकदा भरलात तर बाटली वर्षभर पुरून उरते. दर महिन्याला कचऱ्यात जाणारे प्लॅस्टिकचे पेन वाचतात ते वेगळेच. कागद मात्र बघून घ्यावा. पातळ, भुसभुशीत कागदावर शाई फुटते आणि पलीकडे उमटते. गुळगुळीत, जाडसर कागद घ्यावा. आम्ही तर एका बाजूला छापलेले जुने जाड कागद शिवून वह्या करतो.

पण हिशेबाला दुसरी बाजूही आहे. हा छंद हावेकडेही नेतो. वीस-वीस हजारांचे, लाखाचे पेन आहेत. सोन्याची निब आहे. काही लोक पेन घेतात आणि कपाटात लावून ठेवतात, त्यात शाईचा थेंब जात नाही. तो छंद नव्हे, ती साठेबाजी. सोन्याची निब असो की पोलादाची, कागदाला टेकतो तो टोकावरचा कठीण धातूचा बारीक ठिपका असतो. लिहिण्याचा आनंद त्या ठिपक्यात आहे, आणि तो शंभर रुपयांच्या पेनालाही असतो. आमचा नियम असा, की जेवढे पेन महिन्याभरात वापरून होतात तेवढेच ठेवायचे. बाकीचे लिहिणाऱ्या पोराला देऊन टाकायचे.

आता ज्यासाठी उभे राहिलो ते बोलतो. शाई आपल्या लोकांना नवी नाही. पिढ्यान् पिढ्या ती आपल्याला लागत आली, पण अंगठ्याला लागत आली. काय लिहिलं आहे ते दुसऱ्याने लिहायचं, आपण खाली काळा ठसा द्यायचा. आमचे अप्पा रात्रीच्या वर्गात सही करायला शिकले. पुढे एका कचेरीत कागदावर सही द्यायची वेळ आली. तिथल्या माणसाने अप्पांच्या कपड्यांकडे पाहिलं आणि काही न विचारता शाईचा पॅड पुढे सरकवला. अप्पा म्हणाले, "साहेब, मला सही येते." तो म्हणाला, "मग पेन आणा." आमच्या खिशात पेन होता, तो आम्ही दिला. अप्पांनी सही केली. वेळ लागला, एकेक अक्षर त्यांनी पुरं केलं, वर रेघ ओढली. मागे रांग होती, लोक चुळबुळ करत होते. अप्पांनी घाई केली नाही. बाहेर आल्यावर पेनाचं टोपण लावत एवढंच म्हणाले, "पेन चांगला आहे, गुळगुळीत चालतो." अपमानाबद्दल एक शब्द नाही. त्या घडीला त्यांना पेन चालण्याचा आनंद झाला होता. आम्हाला त्या दिवशी कळलं, की हक्क आणि आनंद या दोन वेगळ्या वस्तू नाहीत.

महात्मा फुल्यांचं बघा. १८८८ साली पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली. म्हणून ते थांबले का? सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक त्यांनी डाव्या हाताने लिहिलं. ते त्यांच्या पश्चात १८९१ साली प्रसिद्ध झालं. डाव्या हाताने चार ओळी लिहून बघा, मग कळेल त्या माणसाला लिहिणं किती जवळचं होतं.

भारताच्या संविधानाचा मसुदा छापलेला होता, पण ज्या प्रतीवर २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेच्या सभासदांनी सह्या केल्या, ती इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी टाकाने, हाताने लिहिली. सुमारे सहा महिने ते काम चाललं. पानांची सजावट नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनच्या कलावंतांनी केली. संसदेच्या ग्रंथालयात ती प्रत नायट्रोजन वायू भरलेल्या पेटीत जपली आहे. राष्ट्राला सुद्धा आपला सगळ्यात मोलाचा कागद हाताने, शाईने, सुंदर अक्षरात असावा असं वाटलं. मग कामगाराला तसं वाटलं तर त्याला चोचले का म्हणावं?

बाबासाहेबांना चांगल्या फाउंटन पेनांची आवड होती, हे त्यांच्या सहवासातल्या मंडळींनी आठवणींत नोंदवून ठेवलं आहे. ग्रंथांचा शौक तर जगाला माहीत आहे. आपण त्यांच्या हातात संविधान दाखवतो, कोटाच्या खिशाला पेन दाखवतो. पुतळ्यावरचा तो पेन सगळ्यांना दिसतो. पण दिवसभराच्या कामानंतर पेनात शाई भरून कागदावर झुकलेला, त्या लिहिण्यात रमलेला माणूस आपल्याला दिसतो का? पेन पुतळ्याच्या खिशात राहून उपयोग नाही, तो आपल्या खिशात आला पाहिजे. अलीकडे सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर हार आणि मेणबत्त्यांऐवजी वही-पेन आणा, असं आवाहन होतं. चांगलं काम आहे, त्या वह्या गरजू मुलांपर्यंत जातात. आमची एवढीच पुस्ती, की मुलाला नुसता पेन देऊन थांबू नका, त्याच्याजवळ बसा, शाई कशी भरायची ते दाखवा आणि त्याच्या मनाचं चार ओळी लिहू द्या. निबंध नको, शुद्धलेखन नको, त्याच्या मनाचं.

आमची पाच-सहा जणांची मंडळी आहे. एक रिक्षा चालवतात, एक नर्सबाई आहेत, एक निवृत्त पोस्टमन आहेत, बाकी आम्ही गिरणीतले. रविवारी सकाळी वंदनेनंतर विहाराच्या ओट्यावर बसतो. पेन धुतो, एकमेकांच्या शाया बघतो, निबची चीर सरळ आहे की नाही ते भिंग लावून तपासतो. मग अर्धा तास लिहितो. कुणी गावाकडे पत्र लिहितं, कुणी नुसती अक्षरं गिरवतं. नर्सबाई आपल्या आजीच्या आठवणी लिहितात, आतापर्यंत दोन वह्या भरल्या. त्या कुठे छापायच्या म्हणून लिहीत नाहीत. त्यांना जांभळी शाई आवडते आणि आजी आवडायची, म्हणून लिहितात. पण उद्या या वस्तीचा इतिहास कुणाला शोधायचा झाला, तर त्या दोन वह्यांशिवाय त्याला फारसं काही सापडणार नाही. फक्त त्यांना आम्ही सांगून ठेवलं आहे, बाई, जांभळी शाई आधी नळाखाली धरून बघा.

तेव्हा तरुण मित्रहो, पुढच्या रविवारी या. पेन नसला तरी या, आम्ही देऊ. लिहायला काय लिहू, असं विचारू नका. अर्ज लिहायचा नाही एवढंच लक्षात ठेवा.